कुंभार्ली घाट चढून आलेली गाडी : टोटल लॉस झालेली कार घेण्याचं एक प्रकरण

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.)

पार्श्वभूमी

ही गोष्ट फेब्रुवारी २०२३ मधली. पाटण तालुक्यातल्या एका गावातलं कुटुंब. सून (पुढे मी त्यांना ताई म्हणतो) आरोग्य उपकेंद्रात परिचारिका, त्यांचा नवरा गावातच झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान चालवतो. सासऱ्यांना घरात आबा म्हणतात. आबांचं डायलिसिस कराडला, आठवड्यातून तीन वेळा, जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. गावातल्या एका वडापवाल्याची, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतूक करणाऱ्याची, गाडी ते ठरवून न्यायचे. फेरीला ९०० रुपये, म्हणजे महिन्याला पावणेबारा हजारांच्या आसपास. वडापवाल्याला दुसरं भाडं लागलं की त्या दिवशी धावपळ. परतीच्या वाटेवर आबांना मळमळायचं, मधे थांबावं लागायचं, आणि दुसऱ्याच्या गाडीत त्यांना त्याचा फार संकोच वाटायचा. गाडी घ्यायची ठरली ती यामुळे.

पैसे चार लाखांपर्यंत होते. दीड लाख साठवलेले, अडीच लाख पतसंस्थेचं कर्ज. पतसंस्थेची अट अशी की आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, त्यांच्या कर्जाचा बोजा चढला पाहिजे आणि गाडीला फुल इन्शुरन्स (स्वतःच्या गाडीचं नुकसानही भरून देणारा विमा) पाहिजे. ही अट पुढे फार महत्त्वाची ठरली, पण पहिल्या दिवशी ती कुणाच्याच डोक्यात नव्हती, माझ्याही नाही.

मी वाहन विम्याचा सर्व्हेअर आहे. अपघात झाला, गाडी पुरात बुडाली, की नुकसान किती ते पाहून कंपनीला अहवाल देणं हे माझं काम. ताईंच्या नात्यातल्या एकाने माझा नंबर दिला आणि त्यांनी फोन केला : "काका, कराडला एक गाडी बघितलीय. स्वस्त आहे. पण पुरातली आहे म्हणतात. घेऊ का?"

गाडी

२०१८ च्या ऑगस्टमध्ये पासिंग झालेली पेट्रोल हॅचबॅक, नंबर एमएच ०८, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातला. तशाच, न बुडालेल्या गाडीला तेव्हा बाजारात ४ लाख ६० हजार सहज येत होते. हिची मागणी होती ३ लाख २५ हजार. रंग चकचकीत, सीट कव्हर नवीन, टायर नवीन.

विकणारा गॅरेजवाला. त्याच्याबद्दल मला सुरुवातीलाच सांगायचं आहे की तो फसवणारा माणूस नव्हता. पहिल्याच भेटीत तो म्हणाला, "साहेब, गाडी चिपळूणच्या पुरातली हाय. मी लपवत न्हाई. काम सगळं केलंय, फोटो दावतो." आणि खरंच त्याच्या मोबाईलवर फोटो होते : गाळाने भरलेलं इंजिन, उघडलेला हेड, उन्हात वाळत घातलेला गालिचा.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत घुसलं, त्यानंतर मी तिथे सर्व्हेला होतो. रांगेने उभ्या गाड्या, काचेवर गाळाची आडवी रेघ. ती रेघ डॅशबोर्डच्या वर असली की पुढचं बहुतेक ठरलेलं असायचं. त्यातल्या किती तरी गाड्या टोचन लावून कुंभार्ली घाटाने वर कराडच्या बाजूला आल्या. ही त्यातलीच एक. हिचा सर्व्हे मी केलेला नव्हता, दुसऱ्या सर्व्हेअरने केला होता.

अडचण नेमकी कुठे होती

"टोटल लॉस" हा शब्द लोक गाडी संपली अशा अर्थाने घेतात. प्रत्यक्षात तो हिशेबाचा निकाल आहे. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या घोषित किमतीच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात. या गाडीचे आकडे मूळ मालकाकडून नंतर कळले. नवी किंमत ६ लाख ८० हजार, दोन वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला ३० टक्के घसारा, म्हणून आयडीव्ही ४ लाख ७६ हजार. त्याचे ७५ टक्के ३ लाख ५७ हजार. अधिकृत वर्कशॉपने दुरुस्तीचा अंदाज दिला ४ लाख १० हजार. झाली टोटल लॉस.

मग बुडालेली गाडी लिलावात जाते. इथे सर्वसामान्य माणसाला माहीत नसलेली एक गोष्ट आहे. भंगाराला दोन भाव येतात, आरसीसह आणि आरसीविना. हिला आरसीविना भाव होता ७० हजार आणि आरसीसह १ लाख ३५ हजार. गाडी तीच, गाळ तोच. वरचे ६५ हजार फक्त कागदाचे, ती पुन्हा रस्त्यावर येऊ शकेल या शक्यतेचे. गाडी आरसीसह गेली. मूळ मालकाला घेणाऱ्याकडून १ लाख ३५ हजार आणि कंपनीकडून, एक हजाराची सक्तीची कपात वजा जाऊन, ३ लाख ४० हजार मिळाले. आरसीविना विकली असती तरी त्यांच्या हातात तेवढेच पडले असते. फरक कंपनीच्या खिशात पडला.

ताईंचा भाऊ टेक्सासमध्ये असतो. त्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला, "टायटल सॅल्व्हेज आहे का?" अमेरिकेत विमा कंपनीने निकालात काढलेल्या गाडीच्या मालकीपत्रावरच, म्हणजे टायटलवर, "सॅल्व्हेज" (भंगारातली) असा शिक्का येतो. दुरुस्तीनंतर तो "रिबिल्ट" (पुन्हा उभी केलेली) असा होतो, पण पुसला जात नाही. किती नुकसानाला शिक्का मारायचा ते राज्यागणिक वेगळं : न्यूयॉर्कमध्ये किमतीच्या ७५ टक्के, टेक्सासमध्ये १०० टक्के. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेऊन शिक्का धुऊन काढणारेही तिथे आहेत, म्हणून १९९२ च्या एका कायद्याने देशभराची सामाईक नोंद सुरू करायचं ठरवलं.

भावाच्या प्रश्नाला ताईंकडे उत्तर नव्हतं, कारण आपल्या आरसीत त्याला जागाच नाही. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला तर आरसी चालू, बोजा नाही, विमा अमुक तारखेपर्यंत. गाडी तीन दिवस पाण्याखाली होती हे कुठेच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी परत करायची असते. पण टोटल लॉस झालेली गाडी कायद्याच्या भाषेत निकामी झालेली असतेच असं नाही. ती फक्त दुरुस्त करायला महाग झालेली असते. या फटीतून गाड्या परत येतात.

कागद

पहिली भेट मी गॅरेजमध्ये न घेता ताईंच्या दुकानात कागदांवर घेतली. आरसी अजून चिपळूणच्या मूळ मालकाच्याच नावावर. सोबत त्यांची सही असलेले कोरे फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे मालकी बदलायचे अर्ज. म्हणजे गेलं दीड वर्ष गाडी गॅरेजवाल्याच्या ताब्यात, त्यातले शेवटचे आठ महिने तो ती रोज चालवत होता, आणि कायद्याच्या नजरेत मालक घाटाखाली बसलेला. विमाही त्याच्याच नावाने काढलेला, फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याचं नुकसान भरून देणारा.

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच हात बदलत गेलेल्या एका गाडीच्या प्रकरणात सांगितलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी आधीच विकली होती हे कारण चालत नाही.

मी ताईंना म्हटलं, मूळ मालकाला एक फोन करू. नंबर मिळायला दोन दिवस लागले. ते गृहस्थ ऐकून गप्पच झाले. मग म्हणाले, "अहो, ती गाडी तर भंगारात गेली ना?" त्यांना तसंच वाटत होतं. पूर ओसरल्यावर घरातला चिखल काढता काढता कुणी तरी पुढे केलेल्या कागदांवर त्यांनी सह्या केल्या होत्या. दीड वर्ष एक गाडी त्यांच्या नावावर घाटरस्त्याने फिरत होती आणि त्यांना पत्ताही नव्हता. ते संभाषण मी विसरू शकत नाही, कारण अशा सह्या होताना मी स्वतः अनेकदा तिथे उभा राहिलो आहे.

अधिकृत वर्कशॉपमधल्या सर्व्हिस हिस्टरीत शेवटची नोंद जून २०२१, ३१ हजार किलोमीटर. त्यानंतर कोरं. हे मात्र गॅरेजवाल्याच्या सांगण्याशी जुळत होतं.

तपासणी

मग गाडी पाहिली. सकाळी दहाला, भर उन्हात, रात्रभर उभी असलेली गाडी, बोनेट थंड. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली जुनी गाडी कधी पाहू नये.

इंजिनचं काम चांगलं होतं. बोअर-पिस्टन, बेअरिंग, वॉटर पंप, सगळ्याची बिलं. ऑइल स्वच्छ, गिअरबॉक्सचं ऑइलही दुधाळ नाही. चारही बाजूंचे पत्रे मूळचे, पिलरवर वेल्डिंगच्या खुणा नाहीत. पत्र्याच्या दृष्टीने ही गाडी अपघाताच्या टोटल लॉसपेक्षा कितीतरी सरळ होती.

पाण्याच्या खुणा मात्र जिथे असतात तिथे होत्या. पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला तर तळाच्या वीतभर भागात करडी रेघ. सीटच्या रुळांवर गंज. स्टेपनीच्या खळग्यात, रबराच्या बुचाखाली, वाळलेला मऊ गाळ. काचा बंद करून, आतलीच हवा फिरवत, एसी दहा मिनिटं चालवला तर अत्तराच्या वासामागून ओल्या गोणपाटाचा वास आला. यातलं काहीच नवीन नव्हतं, गाडी बुडाली होती हे माहीतच होतं. पाहायचं होतं ते पाणी विजेच्या भागांचं काय करून गेलं.

चावी ऑनवर ठेवली, इंजिन सुरू केलं नाही. एअरबॅगचा दिवा लागला. चांगल्या गाडीत तो काही सेकंदांत, इंजिन बंद असतानाही, आपोआप विझतो. म्हणजे एअरबॅगच्या यंत्रणेने स्वतःची तपासणी केली आणि सगळं ठीक आहे. इथे तो विझेना. एक मिनिट थांबलो. मग इंजिन सुरू केलं आणि तो ऑइल प्रेशरच्या दिव्याबरोबर, त्याच क्षणी, विझला. पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तेच.

एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडलेली होती. स्कॅनर लावला तर एअरबॅगचं मॉड्यूल उत्तरच देत नव्हतं. गाडीत एअरबॅग होत्या, पण त्यांना उघडायला सांगणारं कुणी नव्हतं.

गॅरेजवाल्याला दाखवलं. त्याचा चेहरा खरोखर पडला. वायरमन बाहेरून यायचा, दिवा जात नव्हता, "घालवतो" म्हणाला आणि घालवला. गॅरेजवाल्याने विचारलं नाही कसा घालवला. माझा त्याच्यावर विश्वास बसला, आजही आहे. पण तेवढ्याने मॉड्यूल चालू होत नव्हतं. आणि ज्याने हा एक दिवा असा घालवला त्याने डॅशबोर्डमागे आणखी काय केलं आहे, ते वायरिंग उघडल्याशिवाय कळणार नव्हतं. पाण्यात गेलेल्या कनेक्टरांच्या पिनांना हिरवट गंज चढतो तो हळूहळू, कधी सहा महिन्यांनी, कधी दोन पावसाळ्यांनी. आज चालणारा भाग उद्या चालेलच असं नाही.

पर्याय

त्या रात्री ताईंच्या घरी बसलो. आबा बाजूच्या खाटेवर पडून ऐकत होते. ताईंचा कल घेण्याकडे होता. त्यांचा मुद्दा साधा होता : इंजिन चांगलं आहे, माणूस खरं बोलतो, आणि वडापच्या गाडीत तरी कुठे एअरबॅग आहे? या प्रश्नाला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. तो बरोबरच प्रश्न होता.

पहिला पर्याय, आहे तशी ३ लाख २५ हजारांना घ्यायची. तो मी स्पष्ट नाकारला. एअरबॅग नसलेली गाडी वेगळी आणि एअरबॅग आहे असं खोटं सांगणारी गाडी वेगळी. दुसरीत बसणारा माणूस आपल्याला संरक्षण आहे असं समजून बसतो.

दुसरा पर्याय मोहाचा होता. घ्यायची, आणि मॉड्यूल, स्टिअरिंगखालची कॉइल आणि केबिनचं वायरिंग अधिकृत वर्कशॉपमध्ये नवीन टाकायचं. चौकशी केली, अंदाज ७८ हजार. म्हणजे गाडी ४ लाख ३ हजारांना पडली. न बुडालेली ४ लाख ६० हजार. फरक उरला ५७ हजारांचा. चार वर्षांनी विकताना चांगल्या गाडीला माझ्या अंदाजाने २ लाख ८० हजार येतील, हिला खरं सांगून विकली तर १ लाख ९० हजार. वापराचा खर्च काढला तर चांगलीचा १ लाख ८० हजार आणि हिचा २ लाख १३ हजार. स्वस्त गाडी ३३ हजारांनी महाग. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा ताईंच्या नवऱ्याने तो कागद उचलून दोनदा वाचला.

त्यातच पतसंस्थेची अट आठवली. फुल इन्शुरन्ससाठी दोन कंपन्यांकडे विचारलं होतं. खरी हकीकत सांगितल्यावर एकीने फक्त थर्ड पार्टी देऊ म्हटलं, दुसरी आधी तपासणी करून, कमी आयडीव्हीवर, विचार करू म्हणाली. एजंट म्हणत होता, प्रस्तावात पुराचं लिहूच नका. पण विम्याचा करारच विश्वासावर उभा असतो. लपवलेली गोष्ट नेमकी दावा करताना बाहेर येते आणि मग पॉलिसी असूनही हातात काही राहत नाही. मी स्वतः असे दावे नाकारले जाताना पाहिले आहेत. कर्ज विम्यावर अडलेलं, विमा गाडीच्या इतिहासावर, आणि नाव बदलायला मूळ मालकाचं सहकार्य. साखळीतला प्रत्येक दुवा दुसऱ्याकडे बोट दाखवत होता.

तिसरा पर्याय, जुनी पण न बुडालेली गाडी. चौथा, आत्ता काहीच न घेता वडापवाल्याशी महिन्याचा पक्का ठराव करायचा.

निर्णय

निर्णय आबांनी केला, असंच म्हणावं लागेल. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्यासाठी घेताय, पर चालवणार सूनबाई. रात्री-बेरात्री बाळंतपणाला बी हीच गाडी जाणार. जिचा दिवा खोटा, ती नको."

ताईंनी दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्याला स्वतः जाऊन नाही सांगितलं. पाच हजार विसार दिला होता, तो त्याने काही न बोलता परत केला.

पुढे काय झालं

वडापवाल्याशी दोन महिन्यांचा ठराव झाला, दिवस ठरलेले, फेरीला ८०० रुपये. घाई संपली. एप्रिलमध्ये कराडमधल्याच एका निवृत्त शिक्षकांची २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक ३ लाख ३० हजारांना मिळाली. एकच मालक, सर्व्हिसच्या नोंदी सलग. तिला एअरबॅग नव्हती, आणि हे ताईंना घेताना माहीत होतं. ऑगस्टमध्ये क्लच बदलावा लागला, १४ हजार गेले. गाडी अजून चालू आहे.

गॅरेजवाल्याने ती पुरातली गाडी उघडली, मॉड्यूल बदललं, वायरिंग नवीन घातलं. मग मूळ मालकाला भेटून आधी गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली आणि पुढे पूर्ण हकीकत सांगून २ लाख ९० हजारांना विकली. घेणारा इलेक्ट्रिशियन होता, रोख पैसे, गाडी मोडेपर्यंत वापरणार म्हणाला. त्या माणसाने ती घेतली ते मला चुकीचं वाटत नाही. कर्ज नाही, विम्याची अट नाही, वायरिंग स्वतः हाताळू शकतो, आणि पुढे विकण्याचा विचार नाही. ताईंच्या बाबतीत यातलं एकही खरं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

मी पतसंस्थेची अट पहिल्या दिवशी विचारायला हवी होती. ती कळली असती तर तपासणीपर्यंत जाण्याचं कारणच नव्हतं, आणि ताईंचं मन त्या गाडीत गुंतलं नसतं. तीन आठवडे गेले, त्यातल्या नऊ फेऱ्या आबांनी वडापनेच केल्या. घेणाऱ्याला मी गाडीबद्दल पन्नास प्रश्न विचारायला शिकवतो. पैसे कुठून येणार आणि ते देणाऱ्याच्या अटी काय, हा प्रश्न मी स्वतः विसरलो.

दोन महिन्यांचा वडापचा ठरावही आधीच करायला हवा होता. दर दोन दिवसांनी पेशंटला न्यायचं आहे या दडपणाखाली माणूस ३३ हजारांचा हिशेब नीट वाचू शकत नाही.

आणि एक गोष्ट माझ्या बाजूची. चिपळूणच्या त्या गृहस्थांना सही करताना कुणीतरी सांगायला हवं होतं की गाडी आरसीसह जाते आहे, नाव बदलेपर्यंत जबाबदारी तुमची. आमच्या अहवालात दोन्ही भाव लिहिलेले असतात, पण विमेदाराला त्याचा अर्थ समजावणं कुणाच्याच कामाच्या यादीत नाही. त्या वर्षापासून टोटल लॉसच्या प्रत्येक अहवालात मी आरसी रद्द करून गाडी विकण्याची शिफारस लिहितो. ती मान्य होईलच असं नाही. म्हणून विमेदाराला एक कागदही हातात देतो, मराठीत, अर्ध्या पानाचा : गाडी कोण नेतो आहे त्याचं नाव-पत्ता, नेल्याची तारीख, आणि चौदा दिवसांच्या आत आरटीओला द्यायच्या विक्रीच्या सूचनेचा नमुना.